मर्दानगीचं इंजेक्शन आणि कमरेचा पट्टा

मुक्काम स्मृति नगर, भिलाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. समोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात 'खोई हुई ताकत वापस पाएं' असं लिहिलंय आणि खाली मोबाइल नंबर. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जिम आहे. तिच्या काचेवर दंड फुगवलेल्या पोराचा फोटो. खालची भिंत तंबूवाल्या वैद्याची, वरची काच शिकलेल्या गिऱ्हाइकांची. माल मात्र दोघांकडे एकच, आणि तो घेणारे बहुतेक माझ्या वयाचे किंवा माझ्यापेक्षा मोठे. या मालाविरुद्ध आज लिहायचं आहे. विषय नाजूक आहे, घरात बोलत नाहीत, म्हणूनच उघड लिहितो.

दुर्गच्या एनसीसी बटालियनमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून आल्यापासून मी स्मृति नगरात भाड्याने राहतो. घरमालक काका तुमसरकडचे. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये आयुष्य काढून साठीला निवृत्त झाले. आता वय त्रेसष्ट. संध्याकाळी मी परेडवरून आलो की काकू चहा पाठवतात आणि काका रशियन इंजिनिअरांच्या गोष्टी सांगतात. त्या त्यांनीही वडलांकडून ऐकलेल्या.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस काका चहा घेऊन स्वतः वर आले. दार लोटून घेतलं. म्हणाले, "सुभेदार साहेब, एक विचारू का? तुमच्या फौजेत असंल ना एखादं इंजेक्शन?"

"कशाचं, काका?"

"आता कसं सांगू तुमाले. वर्षभरापासून काही जमूनच नाही राहिलं. जिमवाला पोरगा म्हणते, हार्मोन कमी झाला. पंधरा दिवसाला एक सुई, सहा महिन्यांत पंचविशीतले वाटाल म्हणते."

मी डॉक्टर नाही. पण फौजेत प्रथमोपचाराचा कोर्स केलाय आणि नोकरीत धडधाकट दिसणारी माणसं छाती धरून बसताना पाहिली आहेत. मी त्यांना हार्मोनबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "जिना चढताना काय होतं?"

"दम लागते. वय झालं ना."

"छातीत काही?"

"गॅस होते थोडा. चालताना. थांबलं का जाते."

चालताना होणारा आणि थांबल्यावर जाणारा गॅस! मित्रांनो, पोटातल्या गॅसला माणूस चालतोय की बसलाय याच्याशी देणंघेणं नसतं. हृदयाला असतं. मी काकांना सांगितलं, सुई नंतर बघू, आधी हृदयाच्या डॉक्टरकडे चला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनीच त्यांना स्कूटरवर बसवून नेलं. पुढचं शेवटी सांगतो.

माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर आपण ज्याला 'मर्दानगी गेली' म्हणतो, ती बहुतेक वेळा हार्मोनची नव्हे तर रक्तवाहिन्यांची तक्रार असते, आणि रक्तवाहिन्या सुईने नाही, घाम गाळल्याने सुधारतात. जो माणूस ही तक्रार ऐकून हृदय न तपासता हार्मोन विकतो, तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतो.

आधी कारण समजून घेऊ. पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. तिथल्या रोहिण्या एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या तीन ते चार मिलिमीटरच्या. चरबी आणि साखर दोन्हीकडे सारखंच नुकसान करतात, पण बारीक नळी आधी चोंदते. म्हणून ही तक्रार हृदयाच्या तक्रारीआधी, पुष्कळदा दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. प्रत्येकाचं कारण हेच असतं असं नाही. मधुमेहाने नसा बिघडतात, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दारू, तंबाखू, मनावरचा ताण, सगळं कारण होऊ शकतं. पण नव्याने सुरू झालेली ही तक्रार म्हणजे हृदय तपासून घ्यायची सूचना आहे, हे आता जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ मानतात.

ही तक्रार काही दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, तिचे आकडे १९९४ मध्ये आले. निम्म्याहून अधिक, ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता. म्हणजे बागेत सकाळी चालणाऱ्या दहा जणांत पाच. पाचही जण गप्प. त्या गप्प बसण्यावर भिंतीवरचा मोबाइल नंबर चालतो.

काकांना मी त्यांच्याच भाषेत समजावलं होतं. मिलमध्ये थंड पाण्याच्या लाइनमध्ये गाळ बसला आणि शेवटच्या नळाला पाणी येईना, तर तुम्ही काय कराल? पंपात जास्त ताकदीचं तेल घालाल की लाइन तपासाल? आणि शेवटचा नळ कोरडा पडला म्हणजे मधल्या लाइनमध्येही गाळ आहे, हे फोरमनला कळायला नको?

आता हार्मोनकडे. टेस्टोस्टेरॉन खोटा नाही. दाढी-मिशी, स्नायू, हाडं, रक्तातल्या तांबड्या पेशी, इच्छा, सगळ्यात त्याचं काम आहे. तिशी-चाळिशीनंतर तो वर्षाला साधारण एक टक्क्याने कमी होतो हेही खरं. पण ज्याला खरोखर आजार म्हणावं इतकी कमतरता किती जणांत असते? युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांना तपासलं. लक्षणंही आहेत आणि रक्तातही कमी आहे, असे निघाले साधारण दोन टक्के. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात दोघांचा आजार आणि शंभरातल्या पन्नासांची तक्रार. मधल्या अठ्ठेचाळीस जणांच्या खिशावर या धंद्याची नजर आहे.

त्या अठ्ठेचाळीसांतल्या काहींचा आकडा थोडा खाली असतोही. का असतो? पोटाची चरबी नुसती लोंबत नसते, ती काम करते. तिच्यात एक एन्झाइम असतं, ते पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणजे पोट वाढलं की हा हार्मोन खाली येतो आणि वजन उतरवलं की बहुतेकांचा परत वर चढतो. दुसरं कारण झोप. शिकागोत २०११ मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज फक्त पाच तास झोपू दिलं, तर दिवसाचा टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरला. आठवड्यात! तीन पाळ्यांत आयुष्य काढलेला कारखान्याचा माणूस आणि रात्रभर ड्यूटी करणारा जवान, दोघांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आठवडाभराच्या कमी झोपेनं जे होतं, त्यासाठी वर्षभराच्या सुया कशाला?

हा धंदा आजचा नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केलं की आपण पुन्हा तरुण झालो. जगभर त्या अर्काची विक्री झाली. पुढे कळलं की हा हार्मोन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्या अर्कात तो नसल्यातच जमा होता. फरक पडला तो विश्वासाने. शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळा काढला गेला १९३५ साली, आणि तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चं नोबेल मिळालं. औषध खरं आलं, पण विकायची रीत १८८९ चीच राहिली.

आपल्याकडे दुसरा रोग होता. तालमीत, शाळेत, पुस्तकांत पोरांना सांगायचे, वीर्य म्हणजे शक्ती, गेलं की माणूस संपला. लाखो पोरं या भीतीने झुरली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीच्या आजाराला 'धात सिंड्रोम' हे नावच दिलं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते, खटले सोसत होते, आणि सांगत होते की शरीराबद्दल अज्ञान हेच खरं नुकसान. मेले तोवर, १९५३ पर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. आज आजोबांची ती भीती नातवाने टाकली, पण तिच्या जागी दुसरी घेतली. तेव्हा 'गमावू नकोस' म्हणून घाबरवायचे, आता 'तुझ्यात कमी झालं' म्हणून घाबरवतात. दोन्ही वेळा पुरुषाची किंमत एका थेंबात मोजली.

कायदाही आहे बरं का. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला त्याने बंदी आहे. ज्या आजारांच्या औषधांची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे, त्या यादीत नपुंसकताही आहे आणि हृदयरोगही. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी तो लिहिला त्यांना दोन्हीकडची लूट दिसत होती. भिंती रंगवणारे मात्र रंगवतच आहेत.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. नाहीतर माझ्यात आणि भिंतीवाल्यात फरक काय?

ज्याला खरी कमतरता आहे, सकाळच्या रक्ताच्या दोन तपासण्यांत ती दिसली आहे आणि डॉक्टरने कारण शोधलं आहे, त्याला हा हार्मोन जरूर द्यावा. त्याने हृदयविकाराचा झटका येतोच असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेत सरासरी ७४ वर्षांच्या २०९ पुरुषांवरचा एक प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता, कारण हार्मोन घेणाऱ्यांत हृदयाचे त्रास २३ जणांना झाले आणि न घेणाऱ्यांत पाच जणांना. त्यामुळे भीती पसरली. मग ट्रॅव्हर्स नावाचा मोठा प्रयोग झाला, पाच हजारांवर पुरुष, वय ४५ ते ८०, सगळे हार्मोन कमी असलेले आणि हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले. २०२३ मध्ये निकाल आला. झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू, हार्मोन घेणाऱ्यांत ७ टक्के, न घेणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली, खऱ्या रुग्णाला, झटक्याचा धोका वाढला नाही. पण हृदयाची लय बिघडणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाचा त्रास हार्मोन घेणाऱ्यांत जास्त दिसला.

ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये आणखी एक निकाल आला. पोट सुटलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या किंवा नुकता मधुमेह झालेल्या हजारभर पुरुषांना दोन वर्षं हार्मोन दिला. सोबत सगळ्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम होता. हार्मोनवाल्यांत १२ टक्के मधुमेही, बाकीच्यांत २१ टक्के. फायदा आहे, नाकारत नाही. पण पाचांतल्या एकाहून अधिक हार्मोनवाल्यांचं रक्त मर्यादेबाहेर घट्ट झालं. हे त्यांना कळलं, कारण त्यांचं रक्त ठरलेल्या वेळी तपासलं जात होतं. जिमच्या बाथरूममध्ये सुई घेणाऱ्याचं कोण तपासतो? शिवाय बाहेरून हार्मोन आला की शरीर स्वतःचा बनवणं थांबवतं, वृषणं आक्रसतात, शुक्राणू कमी होतात. माझ्या कॅडेटच्या वयाची पोरंही या सुया घेतात. पुढे लग्न झाल्यावर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतील तेव्हा तो ट्रेनर कुठे असेल?

आणि ज्याचा आकडा आजारी नाही, नुसता खालच्या बाजूला आहे, त्या काकांसारख्या माणसाचं काय? त्याचंही उत्तर ऑस्ट्रेलियातूनच, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून २०२१ मध्ये आलं. ५० ते ७० वयाचे ७८ पुरुष, कंबर ९५ सेंटिमीटरच्या वर, हार्मोन कमी ते साधारण. चार गट केले. हार्मोन आणि व्यायाम, नुसता हार्मोन, नुसता व्यायाम, आणि दोन्ही नाही. बारा आठवड्यांनी रोहिणी रक्ताच्या जोराला किती फुलते ते मोजलं. नुसत्या व्यायामाने २८ टक्के सुधारणा. व्यायाम आणि हार्मोन मिळून १९ टक्के. नुसत्या हार्मोनने रोहिणीत काही सुधारणा नाही. हार्मोन रक्तात वाढला होता, पण रोहिणीला त्याचा उपयोग झाला नाही. प्रयोग लहान आहे, एवढ्यावर जग बदलत नाही. पण काकांच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला दुसरं दिसलेलं नाही.

हे का होतं? पळताना किंवा भराभर चालताना रक्त रोहिणीच्या आतल्या अस्तराला घासत जोराने जातं. त्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि नळी सैल पडते. या शोधाला १९९८ चं नोबेल आहे. हृदयाची रोहिणी याच वायूने फुलते आणि ताठरताही याच वायूने येते. म्हणून वर आणि खाली दोन वेगळी दुकानं नाहीत. रोज अर्धा तास दम लागेल असं चालणं हे दोन्हीकडचं औषध आहे, आणि ते भिंतीवर कोणी रंगवत नाही कारण त्यात कोणाला कमिशन नाही.

आता माझ्या जातभाईंना, म्हणजे फौजींना. तुम्ही म्हणाल, आम्हाला व्यायाम काय शिकवता? शिकवावाच लागेल. नोकरीत आपण बीपीईटीचे पाच किलोमीटर पळतो ते पास होण्यासाठी. पेन्शन आली की बूट माळ्यावर जातात, सकाळी सिक्युरिटीच्या खुर्चीत आणि संध्याकाळी कॅन्टीनच्या बाटलीसमोर. 'मी फौजी आहे' या जुन्या रकमेच्या व्याजावर किती वर्षं जगणार? पूर्वी पळालेलं शरीर साठवून ठेवत नाही. थांबलात की काही महिन्यांत उतरतं.

माझ्याबरोबर भरती झालेला एक हवालदार. पेन्शननंतर गावी गेला, सातारा जिल्ह्यात. पोट सुटलं, बिडी सुटली नाही. जत्रेतल्या तंबूतून 'शुद्ध जडीबुटी'च्या कॅप्सूल आणल्या. एका रात्री छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याने चांगल्या मनाने जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिली, जिला सगळे सॉर्बिट्रेट म्हणतात. पाच मिनिटांत तो जमिनीवर. रक्तदाब एवढा उतरला की नाडी लागेना. नशिबाने गाडी दारात होती म्हणून वाचला. खिशातलं पाकीट पाहून डॉक्टर म्हणाले, असल्या जडीबुटीत बऱ्याचदा व्हायग्रातलं सिल्डेनाफिल कुटून घातलेलं असतं. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र झाले की रक्तदाब कोसळतो. वाचणाऱ्याने एवढं तरी पाठ करावं. असली कुठलीही गोळी, वैद्याची किंवा दुकानातली, घेतली असेल आणि छातीत दुखलं, तर लाज सोडून डॉक्टरला पहिलं वाक्य तेच सांगा. बायकोलाही माहीत असू द्या, तुम्ही बेशुद्ध असाल तर सांगणार कोण?

मी स्वतःही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षांपूर्वी पाच किलोमीटरला माझा वेळ वाढला, कॅडेट पुढे जायला लागले, तेव्हा मीही एका ओळखीच्याला त्या सुईची किंमत विचारली होती. घेतली नाही, कारण महाग होती. शहाणा होतो म्हणून नाही.

मग करायचं काय? आधी टेप घ्या. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवलं की डबलडेकर बसच्या दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि रोज शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. नंतर त्यांनीच स्वतःचं म्हणणं तपासायला गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत आधीपासूनच मोठ्या होत्या! म्हणजे सगळा फरक पायऱ्यांचा नव्हता, काही कमरेचाही होता. चालणं आणि कंबर, दोन्ही मोजावं लागतं हे तिथून कळलं. भारतीय पुरुषाला कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर. पट्ट्याचं माप सांगू नका. पट्टा आपण पोटाच्या खाली बांधतो, म्हणून तो वर्षानुवर्षं चौतीसच राहतो. टेप बेंबीच्या रेषेत धरा, श्वास सोडून. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत दहा कोटींवर मधुमेही आणि ३५ टक्क्यांवर रक्तदाबाचे रुग्ण निघाले. आपण त्यांत आहोत का, हे टेप, रक्तदाबाचं यंत्र आणि एक साखरेची तपासणी सांगते.

मग चालणं. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं काम. जोर-बैठका चालतील, त्यासाठी काचेचं जिम लागत नाही. पण एक सावधगिरी. वर्षानुवर्षं बसून असलेल्याने एकदम फौजी बनू नये. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, नियमित व्यायाम करणाऱ्यांना जोराच्या श्रमानंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या साधारण अडीच पट होता आणि कधीच व्यायाम न करणाऱ्यांना शंभर पटीच्या वर. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्याने, त्यातही साखर, रक्तदाब किंवा बिडी-सिगारेट असणाऱ्याने, आधी तपासणी आणि पहिला महिना फक्त चालणं. इथून जवळच्या गडचिरोलीत आयुष्य वेचणाऱ्या डॉ. अभय बंग यांनाही ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठलं. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घरोघरी वाचलं गेलं, कारण एका डॉक्टरने कबूल केलं की तोही चुकत होता, आणि मग आहार, चालणं, ध्यान रोज करून दाखवलं. पुस्तक कपाटात आहे त्यांनी ते पुन्हा काढावं.

आता काका. ट्रेडमिलची तपासणी पहिल्या काही मिनिटांतच थांबवावी लागली. अँजिओग्राफीत एका मोठ्या रोहिणीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. साखर 'बॉर्डरवर' नव्हती, बॉर्डर कधीच ओलांडली होती. सकाळी रक्त काढून हार्मोनही तपासला. थोडा खाली, पण साधारण मर्यादेत. डॉक्टरांनी सुई दिली नाही, गोळ्या दिल्या आणि चालायला लावलं.

सुरुवातीला काकू सोबत जायच्या, पळून टपरीवर बसतील म्हणून. आता आठ महिने झाले. कंबर १०४ वरून ९६ झाली आहे. ९० अजून दूर आहे. जिना चढताना गॅस होत नाही. जिमवाला पोरगा रस्त्यात भेटला तर अजूनही नमस्कार करतो आणि पॅकेजची आठवण देतो.

परवा मी विचारलं, "काका, ती मूळ तक्रार?"

काका आधी दाराकडे पाहून घेतात, ही सवय गेली नाही. म्हणाले, "पंचविशीतला नाही झालो, सुभेदार साहेब. पण बरं आहे. डॉक्टरले विचारलं मी, स्वतः विचारलं. छातीची गोळी चालू नाही म्हणून दुसरी लिहून देतो म्हणाले."

स्वतः विचारलं. डॉक्टरला, चिठ्ठीवर, नाव-वय सांगून. हे वाचणाऱ्या प्रत्येक काकाने, हवालदाराने, सुभेदाराने तेवढंच करावं. भिंतीवरचा नंबर फिरवण्याआधी कमरेला टेप लावा आणि हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन ही तक्रार तोंडाने सांगा. बरोबर कोणी लागलं तर बायकोला न्या. आमच्या काकूंनी नेलं म्हणून हा लेख लिहिता आला.

जय हिंद.